सात दिवसांची शिस्त

श्रीपतराव जगदाळे यांना मी जवळजवळ चार वर्षं ओळखत होते. त्यातलं पहिलं दीड वर्ष सोडलं तर बाकी सगळा काळ मला त्यांचा राग येत होता. अजूनही येतो. माणूस गेला की राग गिळून त्याच्याविषयी चार बरे शब्द बोलावेत अशी आपल्याकडे रीत आहे, पण मला ते साधत नाही. ज्याचा राग येतो त्याची आठवणही रोज येते, आणि आठवण आली की वाईटही वाटतं. हे सगळं एकदमच होतं, त्याला माझा इलाज नाही.

१९९६ साली माझ्या नवऱ्याच्या कारखान्याला टाळं लागलं. त्या वर्षांत बडोद्यात हे नवीन नव्हतं. मकरपुऱ्याकडे एकेक शेड बंद पडत होती आणि अलकापुरीत काचेची दुकानं उघडत होती, आणि पेपरवाले दोन्हीला प्रगती म्हणत होते. मला इंग्रजी टायपिंग येत होतं. त्याच वर्षी निवडून आलेल्या खासदारांना टायपिस्ट हवी होती. घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत एका माडीवर त्यांचं ऑफिस होतं. दादर इतका अरुंद, की वरून कुणी उतरत असलं तर खालच्याने दारातच थांबायचं.

खासदार म्हणजे शरच्चंद्र कोटणीस. घराण्यात तीन पिढ्या बडोदे सरकारची कारकुनी नि न्यायखातं, स्वतः वकील, आवाज इतका हळू की सभेत मागचे लोक नुसते ओठ बघायचे. ते निवडून कसे आले याचं कोडं त्यांनाही होतं. पण एकदा दिल्लीला गेल्यावर त्यांनी एक काम मात्र नेकीने केलं. ते प्रश्न विचारायचे. भाषणाची वेळ मागून मिळत नाही, पण प्रश्न लेखी देता येतो आणि सरकारला त्याचं लेखी उत्तर द्यावंच लागतं, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात हेरलं. बडोद्याच्या सिटी बस, स्टेशनजवळचा कोंडणारा पूल, रिक्षांचा धूर, छोट्या लाइनीच्या गाड्या, असले त्यांचे प्रश्न. हसणारे हसायचे. देशात काय चाललंय आणि आमचे साहेब बसचे टायर मोजतात, असं एका वर्तमानपत्रानं छापलंही होतं.

या प्रश्नांचा कच्चा माल श्रीपतराव आणायचे.

एकतीस वर्षं ते सिटी बसच्या स्टॅन्डवर टाइमकीपर होते. कोणती बस किती वाजता सुटली, किती उशिरा आली, हे चोपडीत लिहायचं आणि शिटी वाजवायची, हे काम. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा ऑफिसात आले ते शहराबाहेरच्या छाणी गावाच्या बसची तक्रार घेऊन, आणि मग रोजच येऊ लागले. पगार नाही, मानधन नाही. सकाळी साडेनऊला यायचे, खाकी पॅन्टला इस्त्री, खिशात दोन पेनं. आजोबा बडोदे सरकारच्या पायदळात होते, आणि ते आजोबा यांच्या पाठीच्या कण्यात अजून उभे होते. साहेबांनी तीनदा बसा म्हटल्याशिवाय खुर्चीला टेकायचे नाहीत. लहरीपुऱ्याच्या दरवाज्यापाशी, जिथे रिक्षासाठी रांग लागल्याचं कुणाच्या बापजन्मी कुणी पाहिलेलं नाही, तिथे हा माणूस एकटाच रांगेत उभा राहायचा. त्यांच्या मागे रांग लागायची नाही. सगळे पुढून घुसायचे.

प्रश्न लिहिण्याचे नियम आहेत. दीडशे शब्द. त्यात मतप्रदर्शन नको, टोमणा नको, तर्क नको, कुणाची निंदा नको. मला हे नियम वाचून हसू यायचं, कारण हे सगळं काढून टाकलं तर बोलायला उरतं काय. पण श्रीपतरावांना ते नियम फार आवडले. ते मराठीत खर्डे लिहायचे, साहेब त्यात दुरुस्त्या करायचे, मी इंग्रजी करून टाइप करायचे. "अस्मिताबेन," ते मला म्हणायचे, "बघा, या कागदाला उत्तर द्यावंच लागतं. एकतीस वर्षं मी लिहिलं, मला कुणी उत्तर दिलं नाही."

त्या दिवसांत मला ते आवडायचे, हे आधी सांगून टाकते.

ते राहायचे छाणीच्या पलीकडे, शिलेदार सोसायटीत. बासष्ट घरं, बहुतेक सगळी जुन्या शिपाई-शिलेदारांच्या वंशजांची. कुणी फिटर, कुणी कंडक्टर, कुणी शाळेत शिपाई. शहरातल्या जागा पुरेनात म्हणून या लोकांनी एकत्र येऊन तिकडे जमीन घेतली. स्वस्त मिळाली, कारण मध्ये रेल्वेची एक लाइन होती. पॅसेंजर गाड्या नव्हत्या, नुसत्या मालगाड्या. सोसायटी लाइनीच्या त्या बाजूला आणि शाळा, बसस्टॉप, दवाखाना, छाणीतली वर्कशॉपं सगळं या बाजूला. मधे फाटक. फाटक म्हणायचं एवढंच; दांडा नाही, माणूस नाही, एक पाटी आणि दोन्ही बाजूंना उतार. आणि डावीकडे रूळ बाभळींच्या आडून वळलेले, त्यामुळे गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसायची नाही.

डिसेंबर ९६ मध्ये वसंत त्या फाटकात मालगाडीखाली गेला. श्रीपतरावांच्या शेजारच्या घरातला. छाणीच्या एका वर्कशॉपात टर्नर होता, सायकलवर जायचा. सकाळी सव्वासातला, थंडीत, कानाला मफलर गुंडाळलेला. त्याच्या मागे त्याची आई रखमाबाई आणि सात वर्षांची मुलगी भक्ती, एवढंच घर उरलं. भक्तीची आई आधीच गेलेली होती.

पंधरवडा गेल्यावर श्रीपतराव रखमाबाईंना घेऊन ऑफिसात आले. बाई साठीच्या. बसल्या नाहीत. साहेबांनी मदतीचं काहीतरी काढलं तर त्यांनी हात आडवा केला.

"मला काय नको, साहेब. तिथे एक माणूस बसवा. दांडा टाकणारा. भक्तीला शाळेत रोज तिथूनच जायचंय. मी किती दिवस तिचा हात धरून जाणार, मलाच आता ऐकू कमी येतं."

"बसवू," श्रीपतराव म्हणाले. साहेब काही बोलण्याआधी. "मी सांगतो ने तुम्हाला, रखमावहिनी. माणूस बसणार."

एरवी विचारल्याशिवाय एक शब्द न बोलणारा माणूस तेव्हा बोलला. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण सावरून घेतलं नाही. त्या क्षणापासून ते फाटक श्रीपतरावांचं झालं.

मार्चमध्ये आमचा प्रश्न लागला. उत्तर आलं की सदर फाटकावर किती वाहतूक आहे हे पाहून, नियमानुसार, चौकीदार नेमण्याचा निर्णय घेण्यात येईल. सरकारी उत्तरांच्या मानाने हे उत्तर म्हणजे पेढे वाटण्यासारखं. श्रीपतरावांनी खरंच वाटले. त्याची नक्कल मी टाइप करून दिली, ती सोसायटीच्या फळ्यावर खिळ्याने ठोकली. येणारा-जाणारा वाचायचा. भक्ती अक्षर अक्षर लावून वाचायची असं रखमाबाई सांगत.

ऑगस्टमध्ये साहेबांना पत्र आलं: अमुक तारखेपासून सात दिवस त्या फाटकावर दोन माणसं बसून येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांची मोजणी करतील. साहेब दिल्लीला निघाले होते. पत्र त्यांनी श्रीपतरावांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुम्ही लक्ष ठेवा." ते स्टेशनवर जायला निघाले. लक्ष ठेवा, एवढंच. वकील माणूस, नियम त्यांना पाठ होता. समोरच्याला तो माहीत नसेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

आता जे सांगते ते बाहेरच्या माणसाला पटणार नाही. पण बडोद्यातल्या या लोकांना मी ओळखते, माझं माहेर त्यांच्यातलंच, आणि मला पटतं.

श्रीपतरावांच्या आयुष्यात चोपडी घेतलेला सरकारी माणूस एकाच कामासाठी यायचा, तपासणीसाठी. स्टॅन्डवर इन्स्पेक्टर येणार असं कळलं की ते आधी गर्दी हटवायचे. जादा बस डेपोत परत पाठवायच्या, हातगाड्या लावणाऱ्या लारीवाल्यांना हुसकायचं, माणसं रांगेत. मग इन्स्पेक्टर मोकळा, स्वच्छ स्टॅन्ड बघून 'ठीक' असा शेरा मारायचा. गर्दी दिसली तर ती टाइमकीपरची नालायकी. एकतीस वर्षं हेच. आणि त्याआधीच्या दोन पिढ्या कवायतीच्या मैदानावर हेच करत आल्या होत्या. मोजायला येणारे म्हणजे बघायला येणारे, आणि बघायला येणाऱ्यांपुढे आपण कसे दिसतो यावर सगळं अवलंबून. ज्या फाटकावर अशी धांदल उडते, रिक्षा घुसतात, टेम्पो अडकतात, तिथल्या लोकांना सरकार कशाला माणूस देईल? हे लोक लायक आहेत असं त्यांना दिसलं पाहिजे. श्रीपतरावांनी असा विचार केला.

आठवडाभर आधीपासून ते घरोघर गेले. स्कूटरवाल्यांनी सात दिवस पलीकडच्या मोठ्या पुलावरून जायचं. तीन किलोमीटरचा वळसा, पण सात दिवसांचाच तर प्रश्न. रिक्षावाल्यांनी उतारू अलीकडेच उतरवायचे. छाणीच्या वर्कशॉपांत जाऊन टेम्पोवाल्यांना हात जोडले. वसंत ज्या वर्कशॉपात होता त्याच्या मालकाने तर सात दिवस मालच पुलावरून आणला. दूधवाला, गॅसवाला, भंगारवाला, एकेकाला समजावलं. आणि लोकांनी ऐकलं. बासष्टच्या बासष्ट घरांनी. चुन्याच्या रेघा मारल्या, पांढरे सदरे घालून चारजण उतारावर उभे राहिले. मोजायला आलेल्या दोघांना सोसायटीतून वेळेवर चहा आणि शेव-उसळ. त्या बिचाऱ्यांना नोकरीत इतका निवांत आठवडा कधी मिळाला नसेल.

त्यातल्या रविवारी मी नवऱ्याबरोबर स्कूटरवरून श्रीपतरावांकडे जेवायला गेले होते. त्यांनी आम्हालाही पुलावरून यायला लावलं. जेवण झाल्यावर अभिमानाने फाटक दाखवायला घेऊन गेले. रस्ता रिकामा, रूळ चकचकीत, दोन माणसं छत्रीखाली बसून पेन चघळताहेत. मी म्हटलं, "वा, श्रीपतराव, शिस्त म्हणजे शिस्त." हे मी म्हटलं. त्यांच्यावर रागवायचा मला कितपत हक्क आहे हे यावरून ठरवा.

नोव्हेंबरात साहेबांनी पुढचा प्रश्न टाकला होता, त्याचं उत्तर आलं. साहेब सुट्टीच्या दोन दिवसांसाठी बडोद्याला आले होते. त्यांनी पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, मग हळू, मग मनातच. त्यातला नियम साधा होता. दिवसाकाठी किती आगगाड्या आणि किती वाहनं फाटकातून जातात त्याचा गुणाकार. मोटार, टेम्पो, बैलगाडी एक धरायची, रिक्षा अर्धी. सायकल धरायची नाही. पायी माणूस धरायचा नाही. गुणाकार एका आकड्याच्या वर गेला तर चौकीदार. फारच खाली गेला तर त्या फाटकाची गरज नाही, ते बंद करावं. आमचा आकडा इतका खाली होता की चौकीदाराचा प्रश्नच उरला नव्हता. फाटक कायमचं बंद करण्याचा निर्णय झाला होता.

"एवढ्या कमी गाड्या?" साहेब म्हणाले. "दिवसाला अकरा? श्रीपतराव, तिथे तर तासाला अकरा असतात."

श्रीपतरावांना अजून काही उमगलं नव्हतं. ते उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. घरोघर जाणं, टेम्पोवाले, पांढरे सदरे. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला, कारण साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

"त्यांना शिस्त नको होती," साहेब म्हणाले. "त्यांना गाड्या हव्या होत्या."

खाली पोळीत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. श्रीपतराव त्या दिवशी साहेबांनी न सांगता खुर्चीवर बसले. बसूनच म्हणाले, "वसंत सायकलवर होता." मला आधी कळलं नाही ते काय म्हणताहेत. मग कळलं. वसंत असता तरी तो त्या मोजणीत आला नसता.

इथवर मी त्यांना माफ केलं असतं. चूक कुणाच्याही हातून होते, आणि ही तर चांगल्या मनाने झाली होती. माझा राग सुरू होतो तो पुढच्या रविवारपासून.

फाटक बंद होणार ही बातमी सोसायटीत पसरली आणि लोक खवळले. गणपतीच्या देवळापुढे सभा झाली. साहेब स्वतः गेले, मीही गेले. एकाने विचारलं, खासदारांनी फाटक उघडं ठेवायला प्रश्न विचारला की बंद करायला? दुसरा म्हणाला, हे बिल्डरला सामील आहेत, आमच्या जमिनी पडेल भावाने घ्यायच्या आहेत. तिसऱ्याने त्यांच्या बापजाद्यांपर्यंत जाऊन शिव्या घातल्या. श्रीपतराव पहिल्या रांगेत, खुर्चीवर, ताठ. सगळ्यांचा त्यांच्यावर विश्वास. त्यांनी उठून एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाहीत. मी त्यांच्याकडे टक लावून बघत होते आणि ते देवळाच्या कळसाकडे बघत होते.

साहेब शेवटी आपल्या त्या हळू आवाजात म्हणाले, "चूक माझी आहे. मोजणीच्या आठवड्यात मी इथे यायला हवं होतं." लोकांनी हुर्यो केली.

परतताना रिक्षात मी तडतडले. साहेब म्हणाले, "अस्मिताबाई, त्यांना त्या सोसायटीत राहायचंय. मला घडियाळी पोळीत जायचंय. जाऊ द्या." असल्या चांगुलपणाचाही मला त्या दिवशी संताप आला.

तीन दिवसांनी श्रीपतराव ऑफिसात आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. सुवाच्य अक्षरात, तारीखवार, त्यांनी स्वतः काय केलं ते लिहिलं होतं. कुणाकुणाला थांबवलं त्यांची नावं, गाड्यांचे नंबर, रोजचा अंदाज. शेवटी लिहिलं होतं की ही मोजणी माझ्यामुळे खोटी पडली आहे, तरी ती रद्द करून पुन्हा घ्यावी. खाली सही. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि लगेच नवा प्रश्न बनवायला घेतला: फेरमोजणी करणार का, आणि तोवर फाटक चालू ठेवणार का. मी तो टाइप केला. तारीख डिसेंबरातली मिळाली. पंधरा दिवस आम्ही तिघं त्या एका तारखेवर डोळे लावून होतो.

तारीख उगवण्याआधीच लोकसभा बरखास्त झाली. त्या वर्षांत सरकारं टिकत नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण लोकसभा गेली की उत्तर न मिळालेले प्रश्नही तिच्याबरोबर जातात, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. कुणी नकार दिला नाही, कुणी कागद फाडला नाही. प्रश्न विचारणारंच कुणी राहिलं नाही. साहेबांना पुन्हा तिकीट मिळालं नाही. ऑफिसचं सामान आम्ही दादरावरून उतरवलं, आणि श्रीपतरावांनी प्रत्येक फाइलला नंबर घालून ती साहेबांच्या घरी पोचवली.

जानेवारीत फाटकावर माणसं आली. दोन्ही उतारांवर आडवा खड्डा खणला, रुळांचे तुकडे उभे गाडले, पाटी काढून नेली. त्याच दिवशी श्रीपतराव रखमाबाईंच्या दारात गेले. हे मला रखमाबाईंनीच पुढे सांगितलं. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी सांगितलं की फाटक खासदारांनी नाही, मी बंद केलं. कसं ते सांगितलं. रखमाबाईंना नीट ऐकू यावं म्हणून मोठ्याने सांगितलं, त्यामुळे शेजारच्या चार घरांनीही ऐकलं.

"मी काय बोलणार?" रखमाबाई मला म्हणाल्या. "मी म्हटलं, श्रीपतराव, तुम्ही सांगितलं म्हणून मी सात दिवस भक्तीला शाळेतही पाठवली नाही. आम्ही दोघी घरातच बसलो. म्हटलं आपल्यामुळे कुणाला गडबड नको."

त्या रागावल्या नव्हत्या. तेवढं तरी त्यांनी करायला हवं होतं, असं मला वाटतं. शिव्या दिल्या असत्या तर श्रीपतराव घरी जाऊन झोपले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते फाटकावर जाऊन उभे राहिले. गाड्यांसाठी रस्ता बंद झाला होता, पायी माणसांसाठी कसा होणार? शाळा तिकडेच, बसस्टॉप तिकडेच, आणि आठ वर्षांच्या पोरीला तीन किलोमीटरचा वळसा कोण घालायला लावणार. लोक खड्ड्यात उतरून, रुळांच्या तुकड्यांमधून, पूर्वीसारखेच जायचे. फरक एवढाच, की पूर्वी ड्रायव्हरला शिटी वाजवा सांगणारी पाटी होती, आता तीही गेली. श्रीपतराव आपली टाइमकीपरची शिटी आणि तांबड्या फडक्याचं निशाण घेऊन बाभळींपाशी उभे राहायचे, जिथून वळणापलीकडचं दिसायचं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन. मालगाडीला वेळापत्रक नसतं याचा त्यांना फार त्रास व्हायचा. तिथेही चोपडी ठेवून ते वेळा लिहायचे, काही नेम सापडतो का बघायचे. सापडला नाही.

रेल्वेच्या पोलिसांनी त्यांना दोनदा नेलं. रेल्वेच्या हद्दीत उभं राहणं गुन्हा आहे. जन्मात कुणाच्या पुढे रांग न मोडलेला माणूस, त्याच्याकडून लिहून घेतलं की पुन्हा तिथे जाणार नाही. त्यांनी लिहून दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मला हे ऐकून आनंद झाला होता. पहिल्यांदा त्यांनी कुणाचं तरी ऐकलं नाही.

मी एकदा भेटायला गेले. म्हटलं, "किती दिवस असं?" ते म्हणाले, "माणूस बसवतो असं मी वहिनींना सांगितलंय ने." आणि शिटी वाजवून त्यांनी दोन बायकांना थांबवलं. गाडी आली नाही. बायका कुरकुरत उभ्या राहिल्या. त्या सभेत तुम्ही का बोलला नाहीत, हे विचारायला मी गेले होते, ते विचारायचं राहिलं. मग कधीच विचारलं नाही.

दोन वर्षं ते उभे राहिले. त्या दोन वर्षांत तिथे कुणी मेलं नाही, ही गोष्ट कुठल्याही कागदावर नाही.

जानेवारी २००० मध्ये एका सकाळी दाट धुकं होतं. मुलं पार झाली होती, त्यात भक्तीही होती. श्रीपतराव रूळ ओलांडून आपल्या जागेकडे परत निघाले होते. त्या दिवशी इंजिन मागे आणि डबे पुढे अशी गाडी येत होती, तिचा आवाज यायला हवा तिकडून आला नाही. पंचनाम्यात लिहिलं आहे: रेल्वेच्या हद्दीत अनधिकृतपणे शिरलेला इसम, वय अंदाजे पासष्ट. नाव नंतर शाईने घातलं आहे. त्यांचा मुलगा सुरतेहून आला, दिवस केले आणि घराला कुलूप लावून गेला.

त्यानंतर मला गप्प बसवेना. कोटणीससाहेब आजारी होते, पण त्यांनी दिल्लीतल्या एका जुन्या ओळखीच्या खासदाराला चिठ्ठी दिली. प्रश्न मी स्वतः लिहिला, दीडशे शब्दांच्या आत, टोमणा नाही, तर्क नाही, निंदा नाही. छाणीजवळच्या त्या फाटकावर गेल्या पाच वर्षांत किती माणसं मेली, त्याची कारणं काय, आणि तिथे चौकीदार कधी नेमणार. मार्चअखेर उत्तर आलं. मी ते घेऊन शिलेदार सोसायटीत गेले. पुलावरून गेले, कारण रिक्षा आता दुसरीकडून जातच नाही.

रखमाबाई गहू निवडत होत्या. भक्ती दहा वर्षांची झाली होती, खांबाला टेकून अभ्यास करत होती. मी कागद काढला आणि बाईंच्या कानाशी वाकून, जसं होतं तसं, मराठीत वाचून दाखवलं: (क) सदर ठिकाणी कोणतेही फाटक अस्तित्वात नाही. (ख) आणि (ग) प्रश्न उद्भवत नाही.

"यात श्रीपतरावांचं नाव आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"वसंतचं?"

"नाही. ते म्हणतात तिथे फाटकच नाही."

त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग माझ्याकडे बघून, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं, विचारलं, "मग ते दोघं मेले कुठे म्हणायचं?"

भक्तीने पुस्तकातून मान वर केली आणि मी काय उत्तर देते ते ऐकत राहिली.